हनुवटी, दुसऱ्यांदा

हनुवटीत बसवलेला सिलिकॉनचा तुकडा काढायचा, बदलायचा की आहे तसाच राहू द्यायचा, हे ठरवण्यात माझं जवळपास अख्खं वर्ष गेलं. सल्ल्यांची वानवा नव्हती. "झालं ते झालं, आता देवावर सोड" म्हणणारे होते, तसे "एवढा पैसा घातलास, आता अर्ध्यावर सोडू नकोस" म्हणणारेही होते. सगळे माझ्यावर माया करणारेच. पण मी नेमकं कशाबद्दल ठरवते आहे याचा त्यांच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. बरेच महिने मलाही नव्हता.

मी फोंडा तालुक्यात राहते, शाळेत मराठी शिकवते आणि नाटकं करते. आमच्याकडे घरात बोलायचं कोकणीतून, वाचायचं-लिहायचं मराठीतून आणि देवळाच्या मांडवात तोंडाला रंग लावून उभं राहायचं तेही मराठी नाटकातच. जत्रेला गावचं नाटक झालं नाही तर जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. समोर बसलेल्या प्रेक्षकांनी मला परकरात असल्यापासून पाहिलेलं असतं. माझा चेहरा माझा एकटीचा आहे असं इथं राहून म्हणता येत नाही. गाव त्याचा वहिवाटदार असतो.

माझी हनुवटी मुळात मागे होती. समोरून कळायचं नाही. बाजूने पाहिलं की खालच्या ओठापासून गळ्यापर्यंत नुसता उतार. खालच्या ओठापासून ओळंबा सोडला तर हनुवटी त्याच्या आसपास यावी, बायकांची किंचित मागे असली तरी चालते, असा सर्जनांचा ढोबळ ठोकताळा असतो. माझी बरीच मागे होती. ती पुढे यावी असं मला वाटलं, स्वतःच्या पगारातून पैसे साठवून मी ते करून घेतलं आणि तसं वाटण्याबद्दल मला तेव्हाही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण ऑपरेशन मनासारखं झालं नाही की लोक ऑपरेशनचं विचारायचं सोडून इच्छेचाच हिशेब मागायला लागतात. गुडघ्याचं ऑपरेशन बिघडलेल्या माणसाला "पण तुला चालायचं कशाला होतं?" असं कुणी विचारत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत मात्र विचारतात, आणि त्याचा परिणाम असा होतो की बिघडलेल्या चेहऱ्याची माणसं दुसऱ्या डॉक्टरकडे जातच नाहीत. कोणत्या तोंडाने जाणार?

ऑपरेशन गोव्याबाहेर, एका मोठ्या शहरात झालं. हनुवटीचे सिलिकॉन इम्प्लांट तयार मापांत मिळतात, लहान, मध्यम, मोठं, त्याहून मोठं. मला त्यातलं एक निवडून बसवलं. खालच्या ओठाच्या आतून, हिरडीच्या खाली छेद घेतला, त्यामुळे बाहेर व्रण नाही. हे सिलिकॉन घट्ट असतं, रबरासारखं. फुटून गळण्याची भीती त्यात नसते. शरीर त्याला आपलं मानत नाही, पण हाकलूनही देत नाही. त्याच्याभोवती एक पातळ आवरण विणून त्याला वेगळं ठेवतं. हे सगळं मला नंतर कळलं. आधी फक्त दोन फोटो दाखवले होते, माझाच एक आणि संगणकावर हनुवटी पुढे ओढलेला माझाच दुसरा.

पहिले दोन-तीन महिने सूज असते. त्या काळात काहीच ठरवू नये हे अगदी बरोबर आहे. सूज दोन्ही बाजूंनी सारखी उतरत नाही, टाके विरघळताना ओठ ओढल्यासारखा वाटतो, बधिरपणा येतो-जातो. चेहऱ्याच्या ऑपरेशनचा खरा निकाल कळायला सहा महिने ते वर्ष जाऊ द्यावं असं बहुतेक सर्जन सांगतात, ते टोलवाटोलवी म्हणून नव्हे. मात्र या नियमाला अपवाद आहेत आणि ते मला कुणी सांगितले नव्हते, म्हणून इथं ठळकपणे लिहिते. लाली, पू, ताप, वाढत जाणारं दुखणं, टाक्यातून इम्प्लांट दिसू लागणं, यांत वाट पाहायची नसते, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आणि ओठ पूर्ण बधिर असेल, किंवा बधिरपणाबरोबर विजेचा झटका बसल्यासारख्या कळा येत असतील, तर इम्प्लांटची कड नसेवर बसलेली असू शकते. तेही लवकर तपासून घ्यायचं असतं. "थांबा, येईल संवेदना" हे वाक्य काही बाबतींत खरं असतं आणि काही बाबतींत त्यानेच वेळ निघून जाते.

माझ्या बाबतीत पहिली ठोस गोष्ट सांगितली ती रंगभूषेच्या काकांनी. हे काका माशेलचे. चतुर्थीच्या आधी त्यांच्या चित्रशाळेत गणपती असतात आणि जत्रांच्या मोसमात ते गावोगावच्या नाटकांना रंगवायला जातात. तोंडावर हात फिरवल्याशिवाय ते रंग लावत नाहीत. कपाळ, गालफडं, जबड्याची कड असं सगळं आधी अंगठ्याने चाचपून घेतात. स्पर्धेच्या नाटकासाठी फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात मी त्यांच्यासमोर बसले होते. त्यांचा अंगठा उजवीकडे हनुवटीच्या थोडा वर थांबला. मागे गेला, परत त्याच जागी आला. मग डावीकडून तसाच फिरवून पाहिला. "बाय, इथं कड लागते गो हाताला. त्या बाजूला नाही लागत." एवढंच बोलले आणि स्पंज उचलला. डोळे मिटलेले होते माझे. त्यांनी बरी दिसतेस की वाईट दिसतेस, यातलं काहीच म्हटलं नव्हतं. कड लागते, एवढंच. पण त्या क्षणापर्यंत माझ्याकडे फक्त नाराजी होती. त्यानंतर माझ्याकडे एक वस्तुस्थिती आली.

नाराजी कशी असते ते सांगायला हवं, कारण या अवस्थेत असलेल्या प्रत्येकाला ती ओळखू येईल. दिसेल त्या काचेत बघायचं. फोंड्याच्या बसची खिडकी, बेकरीचं कपाट, वर्गाच्या दारावरची तसबीर. फोन उचलून फोटो काढायचा, बोटांनी मोठा करायचा, पुसायचा, परत काढायचा. आरशात वाकडेपणा एका बाजूला दिसतो आणि फोटोत दुसऱ्या, कारण आरसा उलटी प्रतिमा दाखवतो आणि आयुष्यभर आपण तीच स्वतःची म्हणून ओळखत आलेलो असतो. त्यात हातभर अंतरावरून घेतलेल्या फोटोत जवळचं मोठं आणि लांबचं लहान होतं. नाक फुगतं, कान मागे जातात, हनुवटीचा आकार फोन किंचित वरखाली धरला तरी बदलतो. शेवटी दादाला सांगून मी सहा-सात फुटांवरून, भिंतीला पाठ लावून, डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा धरून फोटो काढून घेतले. समोरून, दोन्ही बाजूंनी, तिरके. ऑपरेशनआधीचे फोटो शोधून त्यांच्या शेजारी ठेवले. तेव्हा दिसलं की माझा चेहरा आधीही दोन्हीकडे सारखा नव्हता. कुणाचाच नसतो. नवा तिरपेपणा होता, पण फोनमध्ये मला जेवढा दिसायचा त्याच्या निम्माही नव्हता.

मग मी एक गोष्ट केली. आरसा झाकला तरी जे उरतं ते काय, ते वहीत लिहायला घेतलं. डोळ्यांना दिसणारं काही लिहायचं नाही, असं स्वतःला बजावून.

भाताचं शीत खालच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याला चिकटलेलं असतं आणि मला कळत नाही. शाळेत डबा खाताना शेजारची बाई खुणेने सांगते. चहा गरम आहे की कोमट, हे उजव्या बाजूला समजत नाही. झोपेत ओठ उघडा राहतो, उशी ओली होते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे 'प', 'ब', 'म'. ओठाला ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं होत नाहीत. वर्गात खपून जातं. पण नाट्यपद म्हणताना एखादी तान संपवून 'म' वर यायचं आणि तो 'म' पुरता मिटायचा नाही, त्यातून वारा निसटायचा. प्रेक्षकांना कळत असेल की नाही, ठाऊक नाही. पेटीवर बसलेल्या माणसाला कळलं होतं. त्याने माझ्याकडे एकदा मान वर करून पाहिलं.

हे लिहून झाल्यावर मी ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनना कळवलं. त्यांनी फोटो मागवले, मोजले आणि सांगितलं की हनुवटी ठरल्याप्रमाणे पुढे आली आहे, बधिरपणा कमी होईल. वर एक सूचना होती. हनुवटी पुढे आल्यामुळे आता जबड्याचे मागचे कोन लहान वाटतात, तिथंही इम्प्लांट घालू, आणि त्याच वेळी हनुवटीचं इम्प्लांट एक माप मोठं करू म्हणजे तिरपेपणा झाकला जाईल. मला त्यांच्या हेतूविषयी काही म्हणायचं नाही. पण मी 'म' बद्दल विचारलं होतं आणि उत्तर जबड्याच्या कोनांबद्दल आलं. तक्रार मिटत नसेल तेव्हा आणखी मोठी शस्त्रक्रिया सुचवली जात असेल, तर त्या दारातून आधी बाहेर यावं, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे. जबड्याच्या कोनाचं इम्प्लांट हे काही हनुवटीचं धाकटं भावंडही नाही. चावण्याचा मोठा स्नायू उचलून त्याच्याखाली ते बसवावं लागतं, आणि तो स्नायू खालच्या कडेवरून सुटला तर दात आवळले की गालात गोळा वर चढलेला दिसतो.

दुसऱ्या डॉक्टरकडे जाण्याआधी कागदपत्रं मागवली. हा भाग रुक्ष आहे पण फार महत्त्वाचा आहे. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे जे नियम आहेत त्यांत रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर वैद्यकीय नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्यात असं म्हटलेलं आहे, आणि नोंदी ३ वर्षं जपून ठेवायच्या असतात. डिस्चार्जचा कागद पुरत नाही. ऑपरेशनची सविस्तर नोंद मागायची आणि इम्प्लांटच्या खोक्यावरचं स्टिकर मागायचं. त्यावर कंपनी, साहित्य, माप आणि बॅच असते. साहित्य कळण्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. घट्ट सिलिकॉन आपल्या आवरणातून बऱ्यापैकी सहज बाहेर येतं. सच्छिद्र पॉलिइथिलीन, म्हणजे बारीक छिद्रांचं प्लास्टिक, असेल तर त्याच्या छिद्रांत आपल्याच मांसाचे धागे शिरून वाढलेले असतात. ते जागेवर पक्कं राहतं हा त्याचा गुण, आणि काढताना सोलवटून काढावं लागतं हा त्याचाच दुसरा भाग. पीक नावाचं कडक प्लास्टिक असेल तर ते सहसा सीटी स्कॅनवरून त्याच माणसाच्या हाडाच्या मापाने बनवून स्क्रूने बसवलेलं असतं. माझं सिलिकॉन निघालं, मध्यम मापाचं. स्क्रूचा उल्लेख नोंदीत नव्हता.

पणजीत ज्या मुख-जबडा शल्यविशारदांकडे मी गेले त्यांनी फोटो बघितलेच नाहीत आधी. डोळे मिटायला सांगून कापसाच्या बारीक वातीने ओठाला स्पर्श केला आणि कुठे लागतं ते विचारलं. डावीकडे सगळं कळलं. उजवीकडे मध्यापासून कोपऱ्यापर्यंत पेनाने एक पट्टा आखता येईल इतकं ते स्पष्ट होतं. मग त्यांनी "खालचा ओठ वर ढकल" म्हणून सांगितलं आणि हनुवटीवर बोट ठेवून बघत राहिले. हनुवटीच्या त्वचेला संत्र्याच्या सालीसारखे खळगे पडत होते. ओठ मिटवण्यासाठी स्नायूला जोर करावा लागतो तेव्हा ते दिसतात, असं ते म्हणाले.

सीटी स्कॅन पडद्यावर फिरवून दाखवला तेव्हा काकांच्या अंगठ्याला लागलेली कड मी डोळ्यांनी पाहिली. इम्प्लांट जिथं असायला हवं होतं, म्हणजे हनुवटीच्या खालच्या टणक हाडावर, त्याच्यापेक्षा ते वर बसलं होतं आणि थोडं फिरलं होतं. त्याचं उजवं टोक ज्या भोकातून ओठाची संवेदना नेणारी नस बाहेर येते त्याच्या अगदी लगत. हे भोक सुळ्यामागच्या दुसऱ्या छोट्या दाढेच्या खाली असतं, दोन्ही बाजूंना एकेक. शिवाय इम्प्लांटच्या खालचं हाड किंचित झिजलं होतं. सिलिकॉनखाली थोडी झीज बऱ्याच जणांत दिसते आणि बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही. पण इम्प्लांट वर सरकलेलं असलं की ते पातळ हाडावर, दातांच्या मुळांसमोर बसतं, आणि तिथली झीज दुर्लक्षून चालत नाही. तिसरी गोष्ट स्कॅनमध्ये दिसत नव्हती, त्यांनी बोटाने ओळखली होती. आतून छेद घेताना हनुवटीचा स्नायू कापावा लागतो आणि शिवताना तो परत त्याच उंचीवर बांधावा लागतो. माझा खाली जुळला होता. 'म' मधून वारा जात होता तो तिथून.

मला त्या खोलीत रडू आलं. बरं वाटून आलं. इतके महिने मी जे सांगत होते ते खरं होतं.

आमच्याकडे या विषयावर बोलणं निघालं की कुणीतरी हमखास सुश्रुताचं नाव काढतं. मला त्याहून जवळची वाटते ती १७९४ सालची नोंद. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा टिपूच्या हाती लागला, त्याचं नाक आणि एक हात कापला गेला, आणि पुढे पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. त्या पत्रात कामाची रीत दिली आहे. आधी मेणाचा पातळ तुकडा नाकाच्या जागी नीट बसवून बघायचा, मग तोच सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. त्या विटावाल्याने माणूस बघून माप घेतलं. मला संगणकात हनुवटी ओढून दाखवली गेली आणि माप खोक्यातून आलं. दोनशे वर्षांपूर्वीचं सगळं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. भूल नव्हती, जंतूंनी जखम चिघळते हे कुणाला माहीत नव्हतं. पण चेहऱ्यावर काम करणाऱ्याने आधी तो चेहरा मोजावा, ही अपेक्षा काही नवी नाही.

आता पर्याय. पणजीच्या डॉक्टरांनी ते एका कागदावर चित्र काढून समजावले. काही न करता राहता येतं, पण मग हाडावर लक्ष ठेवायचं आणि स्नायूचं आहे तसंच. नुसता तिरपेपणाच खुपत असेल तर हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर, म्हणजे सुईने आत भरायचा जेलसारखा पदार्थ, घालून समतोल करता येतो, ते आवडलं नाही तर विरघळवता येतं. माझ्या दुखण्याला त्याचा उपयोग नव्हता. जुनं काढून स्कॅनवरून मापाने बनवलेलं नवं बसवता येतं. किंवा इम्प्लांट काढून स्वतःच्याच हनुवटीचं हाड नसेच्या आणि दातांच्या मुळांच्या खालून आडवं कापून पुढे सरकवता येतं आणि टायटॅनियमच्या पट्टीने बसवता येतं. हाड हाडाला जुळतं, परकं काही राहिलं तर ती पट्टी आणि स्क्रू. पण हाड कापायचं म्हटल्यावर नसेला धक्का लागण्याचा धोका पुन्हा आलाच, आणि जी नस आधीच दुखावली आहे तिला तर जास्तच. दुसऱ्यांदा उघडल्यावर आतले थर कोऱ्या कागदासारखे सुटे नसतात, व्रणांनी एकमेकांना चिकटलेले असतात. काकांना हे मी सांगितलं तेव्हा ते गणपतीच्या भाषेत बोलले: "ओली माती कितीदाही दाबावी. सुकलेल्यावर माती चढवली तर आधी भिजवावी लागते, आणि तरी ती सुकताना वेगळी ओढते."

नुसतं काढून टाकावं, हा आईचा आग्रह होता. "पहिल्यासारखं करून दे म्हणावं त्यांना." तिला समजावणं हा सगळ्यातला सगळ्यात अवघड भाग ठरला. इम्प्लांट काढलं की जागा रिकामी होते, ताणलेली कातडी आणि सैल झालेला स्नायू आपोआप आक्रसत नाही. हनुवटीचा मऊ भाग हाडावरून खाली ओघळू शकतो. म्हणजे काढल्यावर जो चेहरा येईल तो पूर्वीचा नसेल, तिसराच असेल. आई भाजी निवडत होती. तिने तांबडी भाजी बाजूला ठेवली, हात पुसले आणि माझी हनुवटी दोन बोटांत धरली, लहानपणी धरायची तशी. कड तिच्याही बोटाला लागली असणार. "मग जे कमी दुखेल ते कर," म्हणाली. त्या दिवसानंतर तिने पहिल्यासारखं हा शब्द काढला नाही.

ऑपरेशनला हो म्हणण्याआधी एका मानसशास्त्रज्ञांशी बोलून या, असं पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला राग आला होता. स्कॅनमध्ये दिसतंय आणि तरी माझं डोकं तपासायचं? पण गेले. १८९१ साली एन्रिको मोर्सेली नावाच्या इटालियन मनोविकारतज्ज्ञाने एका अवस्थेचं वर्णन केलं, ज्यात माणसाला स्वतःचं शरीर कुरूप असल्याचा ध्यास लागतो आणि इतरांना ते व्यंग दिसत नाही किंवा अगदीच किरकोळ दिसतं. ही अवस्था असलेल्या माणसाला शस्त्रक्रियेने बहुधा समाधान मिळत नाही, ध्यास जागा बदलतो. त्यावर उपचार आहेत, पण ते सर्जनच्या टेबलावर नाहीत. आणि पहिलं ऑपरेशन खरोखरच चुकलेल्या माणसालाही असा ध्यास लागू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला त्या बाईंनी फार सौम्यपणे सांगितलं. त्यांनी विचारलं की उद्या सकाळी हनुवटी सरळ झालेली असली तर तू दिवसभरात काय वेगळं करशील? मी म्हटलं, पद म्हणेन. मग त्यांनी विचारलं, आणि हनुवटी वाकडीच राहिली पण ओठ मिटायला लागला, तर? उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. पण उत्तर तेच होतं, पद म्हणेन.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण माझ्या लिहिण्याचा उलटा अर्थ निघू नये. माझं कारण आरशाबाहेरचं निघालं म्हणून ते जास्त सोवळं ठरत नाही. एखाद्याचं इम्प्लांट ढळढळीत एका बाजूला सरकलेलं असेल, त्याची कड कातडीतून दिसत असेल, लग्नाकार्यात तो मागच्या रांगेत उभा राहायला लागला असेल, तर दिसण्यासाठी केलेलं दुसरं ऑपरेशनही तितकंच रास्त आहे. दिसणं ही काही फालतू बाब नाही. माणसं चेहऱ्याने भेटतात. मी आरसा झाकला तो मला दोन दुखणी एकमेकांपासून सोडवायची होती म्हणून. ती सोडवल्यावर कळलं की एकासाठी मी भुलेखाली जायला, हाड कापून घ्यायला आणि पुन्हा धोका पत्करायला तयार आहे, आणि दुसऱ्यासाठी नाही. कुणाचा हिशेब वेगळा निघेल. पण दोन्ही एकत्र गुंतलेले असताना सही करू नये.

खर्चाचं थोडक्यात सांगते. सौंदर्यशस्त्रक्रिया आरोग्य विम्यात सहसा बसत नाही, तिच्या दुरुस्तीबाबतही हात वर केले जातात. नसेचा आणि हाडाचा अहवाल जोडून अर्ज केला आहे. मिळाले तर मिळाले. नाही तर पतसंस्थेचं कर्ज आहे.

मी ठरवलं ते असं. इम्प्लांट काढायचं. स्नायू वर बांधायचा. हनुवटीचं हाड थोडंसं पुढे घ्यायचं, आत्ता आहे त्याहून कमी, एवढंच की मऊ भागाला आधार मिळेल. डॉक्टरांनी कसलंही वचन दिलेलं नाही आणि त्यामुळेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ओठ मिटेल असं त्यांना वाटतं. संवेदनेबद्दल ते म्हणाले की वर्षानंतर नस परत येण्याची शक्यता पहिल्या काही महिन्यांइतकी नसते; दाब काढल्यावर काही येईल, कदाचित अजिबात येणार नाही, आणि थोडी आणखी जाण्याचीही शक्यता आहे. ते मी वहीत त्यांच्यासमोर लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं.

यंदाच्या जत्रेच्या नाटकातून मी नाव काढून घेतलं आहे. माझी भूमिका वहिनी करते आहे, तिला पदं मीच शिकवते. तारीख मे महिन्याच्या सुट्टीतली घेतली आहे, म्हणजे शाळा सुरू होईपर्यंत निदान बोलण्यापुरती सूज उतरलेली असेल. संमतीपत्राचा छापील मजकूर ढोबळ असतो, "आवश्यक वाटल्यास इतर प्रक्रिया" अशी एक ओळ त्यात असते. ती ओळ डॉक्टरांच्या देखत खोडली आणि तिच्या जागी माझ्या हस्ताक्षरात लिहिलं: इम्प्लांट काढणे, हनुवटीचा स्नायू मूळ उंचीवर बांधणे, स्वतःचे हाड पुढे घेणे. दुसरे कोणतेही इम्प्लांट बसवू नये. जबड्याच्या कोनाला हात लावू नये. काढलेले इम्प्लांट आणि त्याची नोंद रुग्णाला द्यावी. खाली दोघांनी सही केली. दादाने साक्षीदार म्हणून केली.